लँटरमन कायद्याची घडण : कॅलिफोर्नियातील एका सार्वजनिक योजनेचा इतिहास

११ ऑक्टोबर १९६१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. ज्यांची बौद्धिक वाढ पूर्ण होत नाही, ज्यांना त्या काळी सर्रास मतिमंद म्हटले जाई, अशा नागरिकांसाठी देशाने एक राष्ट्रीय योजना आखली पाहिजे, असा त्याचा आशय होता. ही योजना तयार करण्यासाठी २७ जणांची समिती नेमण्यात आली. लेनर्ड मेयो हे तिचे अध्यक्ष आणि जॉर्ज टार्जन उपाध्यक्ष. टार्जन मूळचे हंगेरीतले मनोविकारतज्ज्ञ. लॉस एंजेलिसजवळच्या पोमोना गावातील पॅसिफिक स्टेट हॉस्पिटल या मोठ्या सरकारी संस्थेचे ते अनेक वर्षे अधीक्षक होते. ज्या व्यवस्थेला पर्याय शोधायचा होता ती आतून ओळखणारा माणूस समितीत होता, आणि तो कॅलिफोर्नियाचा होता. पुढे या प्रश्नावरचा सर्वांत टिकाऊ कायदाही याच राज्यात झाला.

केनेडींना हा विषय परका नव्हता. त्यांची धाकटी बहीण रोझमेरी जन्मापासून बौद्धिकदृष्ट्या मागे होती. १९४१ मध्ये तिच्या मेंदूवर केलेली शस्त्रक्रिया फसली, तिची उरलीसुरली स्वावलंबनाची शक्तीही गेली, आणि पुढचे आयुष्य तिने विस्कॉन्सिनमधल्या एका धर्मसंस्थेच्या आश्रयाला काढले. घराण्याने ही गोष्ट कित्येक वर्षे बाहेर येऊ दिली नाही. सप्टेंबर १९६२ मध्ये दुसरी बहीण युनिस केनेडी श्रायव्हर हिने ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकात रोझमेरीबद्दल उघडपणे लिहिले. अध्यक्षांच्या घरातही असे माणूस आहे हे छापून आल्याने हजारो आईबापांच्या मनावरचे ओझे उतरले. या एका लेखाचे मोल एखाद्या अहवालापेक्षा कमी मानता येणार नाही.

समितीपुढे जी व्यवस्था होती ती शंभर वर्षांची जुनी होती. १८४८ च्या सुमारास बॉस्टनमध्ये सॅम्युएल ग्रिडली हाऊ यांनी अशा मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा मुलांना शिकवून आपापल्या घरी परत पाठवायचे हा हेतू होता. पुढच्या दोन पिढ्यांत हेतू बदलला. शाळांच्या जागी गावाबाहेर हजार-दोन हजार माणसे कोंडणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. ‘मंद’ माणसांपासून समाजाचे रक्षण करायला हवे, त्यांची प्रजा वाढू देता कामा नये, हा सुप्रजननवाद्यांचा सिद्धांत त्या काळी विद्यापीठांतूनही शिकवला जात होता. १९२७ मध्ये ‘बक विरुद्ध बेल’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. कॅलिफोर्नियाने तर १९०९ मध्येच तसा कायदा केला होता आणि तो १९७९ पर्यंत रद्द झाला नाही. सरकारी संस्थांत राहणाऱ्या सुमारे २०,००० लोकांची नसबंदी या एका राज्याने केली. हा आकडा अमेरिकेतील इतर कोणत्याही राज्यापेक्षा मोठा आहे, आणि त्यात सोनोमा येथील संस्थेचा वाटा फार मोठा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवस्थेला पहिला धक्का दिला तो आईबापांनी. मूल जन्मले की डॉक्टर सल्ला देत, ‘संस्थेत ठेवा, विसरून जा, दुसरे मूल होऊ द्या.’ हा सल्ला न मानणाऱ्या कुटुंबांना मात्र शाळा मिळत नसे, उपचार मिळत नसत आणि सरकारकडून एक पैचीही मदत मिळत नसे. चर्चच्या तळघरात किंवा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आयांनी स्वतः वर्ग सुरू केले. १९५० मध्ये मिनियापोलिस येथे अशा पालकसंघांची राष्ट्रीय संघटना झाली. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक विजेत्या लेखिका पर्ल बक यांनी आपल्या मुलीविषयी पुस्तक लिहिले. केनेडींच्या निवेदनाच्या वेळेपर्यंत पालकांची ही चळवळ दहा वर्षांची जुनी आणि चांगली संघटित झालेली होती. अध्यक्षांच्या समितीने तिचेच म्हणणे सरकारी भाषेत मांडले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

समितीच्या सदस्यांनी स्वीडन, डेन्मार्क, इंग्लंड, नेदरलँड्स आणि सोव्हिएत संघातील व्यवस्था पाहून घेतल्या आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये अहवाल सादर केला. संशोधन, गर्भवती मातांची काळजी, शाळा, व्यवसायशिक्षण, कायदेशीर हक्क अशा सर्व बाजू त्यात होत्या. सेवा माणसाच्या घराजवळ मिळावी आणि बाळपणापासून म्हातारपणापर्यंत अखंड मिळावी, हा त्याचा गाभा. ५ फेब्रुवारी १९६३ रोजी केनेडींनी याच विषयावर काँग्रेसला खास संदेश पाठवला. ऑक्टोबरमध्ये दोन कायदे झाले. पहिल्याने राज्यांना आपापली योजना आखण्यासाठी २२ लाख डॉलर दिले. ३१ ऑक्टोबरला सही झालेल्या दुसऱ्याने संशोधनकेंद्रे आणि सेवाकेंद्रांच्या इमारतींसाठी पैसा दिला. तीन आठवड्यांनी केनेडींची हत्या झाली.

हे २२ लाख डॉलर रक्कम म्हणून किरकोळ होते. पण त्यामुळे प्रत्येक राज्याला बसून मोजदाद करावी लागली: आपल्याकडे अशी माणसे किती, ती कुठे राहतात, त्यांच्यावर खर्च कोण करते. काही राज्यांनी अहवाल छापून कपाटात ठेवले.

कॅलिफोर्नियात मात्र तसे झाले नाही. तिथे गव्हर्नर पॅट ब्राऊन यांच्या काळात १९६३ मध्ये एक अभ्यास आयोग नेमला गेला होता. जानेवारी १९६५ मध्ये त्याचा अहवाल आला. ‘अविकसित संपत्ती’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. राज्याच्या सरकारी रुग्णालयांत त्या काळात १३,००० च्या आसपास माणसे होती आणि सुमारे ३,००० प्रतीक्षायादीवर. यादीवरच्या मुलाला जागा मिळायला वर्षे जात. विधिमंडळापुढे नेहमीचा प्रश्न होता: आणखी खाटा वाढवायच्या का? आयोगाने तो प्रश्नच बाजूला सारला. राज्याची जबाबदारी रुग्णालयाच्या दारात मूल आणून सोडल्यावर सुरू होते, ही समजूत मुळात चुकीची आहे, असे त्याने म्हटले. ज्या दिवशी निदान होते त्या दिवसापासून जबाबदारी सुरू झाली पाहिजे, मग मूल घरी राहो वा बाहेर.

हा एक विचार मान्य केला की पुढचे सगळे बदलते. घरी राहणाऱ्या मुलासाठी राज्याला खर्च करायचा असेल तर तो कोणामार्फत? आयोगाने प्रादेशिक केंद्रांची कल्पना मांडली. प्रत्येक भागात एक केंद्र असावे. त्याने तपासणी आणि निदान करावे, कुटुंबाला सल्ला द्यावा आणि लागेल ती सेवा स्थानिक शाळा, दवाखाने, संस्था यांच्याकडून राज्याच्या पैशाने विकत घ्यावी. केंद्र स्वतः सरकारी खाते नसावे. स्थानिक लोकांच्या ना-नफा मंडळाने ते चालवावे आणि राज्याने त्याच्याशी करार करावा. पैसा माणसाच्या मागे जावा, इमारतीच्या मागे नव्हे, हे आज सर्वमान्य झालेले तत्त्व साठ वर्षांपूर्वी एका राज्याच्या आयोगाने इतक्या नेमकेपणाने मांडले, ही गोष्ट खरोखर असामान्य आहे.

डेमोक्रॅटिक पक्षाचे आमदार जेरोम वॉल्डी यांनी १९६५ मध्ये विधेयक आणले, आणि १९६६ मध्ये प्रयोग म्हणून दोन केंद्रे सुरू झाली: एक लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयात, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोत पालकसंघटनेच्या हाती. ही केंद्रे रुग्णालये चालवणाऱ्या खात्याऐवजी सार्वजनिक आरोग्य खात्याकडे सोपवण्यात आली. हा तपशील छोटा दिसतो, पण महत्त्वाचा आहे. ज्या खात्याचे कर्मचारी आणि अंदाजपत्रक खाटांवर अवलंबून, त्याच्याकडे खाटा रिकाम्या करण्याचे काम दिले असते तर प्रयोग कितपत चालला असता याची शंकाच आहे.

याच दोन वर्षांत संस्थांच्या भिंतींआडचे वास्तव बाहेर येऊ लागले. सप्टेंबर १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेला अचानक भेट दिली. ४,००० माणसांसाठी बांधलेल्या त्या जागेत सुमारे ६,००० कोंबलेली होती, आणि बाहेर आल्यावर त्यांनी त्या जागेची तुलना सापांच्या खड्ड्याशी केली. अधिकाऱ्यांनी सिनेटरांची पाहणी वरवरची असल्याचा पवित्रा घेतला. तेव्हा बॉस्टन विद्यापीठातले प्राध्यापक बर्टन ब्लॅट यांनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, पूर्वेकडच्या काही संस्थांची पाहणी केली. बरोबर छायाचित्रकार फ्रेड कॅप्लन होते. त्यांच्या पट्ट्याला छोटा कॅमेरा बांधलेला आणि वरून कोट. ब्लॅट अधिकाऱ्यांशी बोलत राहत, आणि कॅप्लन चालता चालता कोट किंचित बाजूला सारून बटण दाबत. जड कुलपे, उघड्या फरशीवर बसलेली विवस्त्र माणसे, बाकांखेरीज काहीही नसलेली दालने, एकांतकोठड्या असे सारे त्या काळ्यापांढऱ्या चित्रांत आले. संस्थांची नावे न देता १९६६ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली आणि पुढच्या वर्षी ‘लुक’ या लोकप्रिय पाक्षिकात आली. १९६७ मध्ये देशभरातील सरकारी संस्थांतील रहिवाशांची संख्या १,९५,००० च्या घरात होती. ती याहून पुढे कधी गेली नाही.

त्याच १९६७ मध्ये डेन्मार्कच्या या क्षेत्रातील सेवांचे प्रमुख नील्स एरिक बँक-मिकेलसेन कॅलिफोर्नियात आले. या माणसांना शक्य तितके इतरांसारखे आयुष्य जगता आले पाहिजे, हे तत्त्व डेन्मार्कच्या १९५९ च्या कायद्यात त्यांनीच आणले होते. सोनोमाची संस्था पाहून, आमच्या देशात गुरांनाही असे वागवू देत नाहीत, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. वर्तमानपत्रांनी ते ठळकपणे छापले. नवे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याच वर्षी मनोरुग्णसेवा खात्यातील हजारो पदे कमी करण्याची घोषणा केलेली असल्याने ते शब्द अधिकच बोचले.

फ्रँक लँटरमन या सगळ्यात आले ते रेगन यांच्याच पक्षाकडून. १९०१ मध्ये जन्मलेले, ला कन्याडा या गावाच्या संस्थापक घराण्यातले, तरुणपणी चित्रपटगृहांत ऑर्गन वाजवणारे हे गृहस्थ. सॅन फ्रान्सिस्कोतील फॉक्स थिएटरचा अवाढव्य ऑर्गन त्यांनी विकत घेऊन आपल्या घरात बसवला होता. आर्थिक बाबतींत पक्के परंपरावादी असूनही अंदाजपत्रकातील प्रत्येक रकमेमागे कोणता माणूस आहे हे विचारायची त्यांना सवय होती. मनोरुग्णांना सक्तीने दाखल करण्यावर मर्यादा घालणाऱ्या १९६७ च्या कायद्यावर त्यांचे नाव आहेच. १९६९ मध्ये त्यांनी दोन प्रायोगिक केंद्रांचे जाळे राज्यभर पसरवणारे विधेयक मांडले. पालकसंघटनांनी आमदारांच्या कचेऱ्यांत ठाण मांडले. डेमोक्रॅट वॉल्डी यांनी सुरू केलेले काम रिपब्लिकन लँटरमन यांनी पुरे केले आणि रेगन यांनी त्यावर सही केली. पक्षापक्षांतल्या भांडणात हा विषय सापडला नाही, यामागे या आईबापांची चिकाटी होती: श्रीमंत-गरीब, दोन्ही पक्षांचे मतदार.

राष्ट्रीय पातळीवर १९७० मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या सहीने विकासात्मक अपंगत्वाविषयीचा कायदा झाला. बौद्धिक अपंगत्वाबरोबर सेरेब्रल पाल्सी आणि अपस्मार यांचा त्यात एकत्र विचार होता आणि प्रत्येक राज्याने नियोजन परिषद स्थापावी अशी अट होती. १९७५ च्या दुरुस्तीत स्वमग्नता आली. कॅलिफोर्नियानेही त्याच सुमारास आपल्या केंद्रांची दारे या चारही गटांना उघडली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत केंद्रांची संख्या २१ झाली, ती आजही तेवढीच आहे. १९७७ मध्ये सगळ्या तरतुदी एकत्र करून जो कायदा सिद्ध झाला तोच आज लँटरमन कायदा म्हणून ओळखला जातो.

त्यातली सर्वांत जिवंत तरतूद वैयक्तिक आराखड्याची. एका टेबलाभोवती केंद्राचा समन्वयक, पालक आणि ती व्यक्ती स्वतः बसतात. तिला काय हवे, काय जमते, कशाची अडचण आहे हे बोलून ठरते. बोलायला शिकवणारा थेरपिस्ट हवा की कामावर नेणारी गाडी, महिन्यातून काही तास आईला विसावा मिळावा म्हणून घरी येणारी मदतनीस हवी की मित्राबरोबर स्वतंत्र खोली, हे कागदावर लिहिले जाते आणि सर्वांच्या सह्या होतात. केंद्राच्या संचालक मंडळात किमान निम्मे सदस्य अपंगत्व असलेल्या व्यक्ती किंवा त्यांचे पालक असले पाहिजेत, आणि एकूण सदस्यांपैकी किमान चौथा हिस्सा स्वतः अपंगत्व असलेल्यांचा, असा दंडक कायद्यात आहे.

पण सह्या झालेल्या कागदाची किंमत किती, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९७८ मध्ये मतदारांनी मालमत्ताकरावर मर्यादा घातली, पाठोपाठ मंदी आली, आणि राज्याच्या खात्याने प्रादेशिक केंद्रांना खर्च कापण्याचे आदेश दिले. आराखड्यात लिहिलेल्या सेवा बंद होऊ लागल्या. नेमक्या याच सुमारास, १९८१ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील पेनहर्स्ट संस्थेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की १९७५ च्या राष्ट्रीय कायद्यातील हक्कांची सनद राज्यांवर बंधनकारक नाही. काँग्रेसने तिथे आपली अपेक्षा व्यक्त केली आहे, कर्तव्य लादलेले नाही, असा त्याचा अर्थ. देशभरच्या कार्यकर्त्यांना हा मोठा फटका होता.

कॅलिफोर्नियातील पालकसंघटना राज्याच्या कायद्याच्या आधाराने न्यायालयात गेली. मार्च १९८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. लँटरमन कायद्याने व्यक्तीला सेवांचा हक्क आणि राज्यावर तेवढेच कर्तव्य दिले आहे. कोणत्या सेवा, हे वैयक्तिक आराखड्यावरून ठरेल, आणि खात्याला आदेश काढून त्यांना कात्री लावता येणार नाही. पैसा अपुरा पडत असेल तर तो विधिमंडळाने द्यावा किंवा कायदा बदलावा. १९६५ च्या अहवालातली जबाबदारी वीस वर्षांनी दाद मागता येण्याजोगा हक्क झाली. या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची तारीख कोणती, असे विचारले तर १९६९ पेक्षा १९८५ कडे बोट दाखवावे लागते.

पैशाची दुसरी वाट वॉशिंग्टनमधून उघडली. गरिबांच्या वैद्यकीय खर्चाची मेडिकेड योजना तोवर रुग्णालयातल्या खाटेसाठी पैसे देई, घरच्या काळजीसाठी देत नसे. १९८१ मध्ये आयोवा राज्यातील केटी बेकेट या तीन वर्षांच्या मुलीचे प्रकरण गाजले. ती घरी राहू शकत होती, घरी खर्चही कमी होता, पण घरी नेले तर सरकारी पैसा बंद होणार होता. अध्यक्ष झालेल्या रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचे उदाहरण दिले. त्याच वर्षी कायद्यात बदल होऊन राज्यांना हा पैसा घरच्या आणि वस्तीतल्या सेवांवर खर्च करण्याची मुभा मिळाली. कॅलिफोर्नियाच्या केंद्रांना त्यातून मोठा आधार मिळाला.

तरीही मोठ्या संस्था एकदम ओस पडल्या नाहीत. पोमोनाच्या ज्या रुग्णालयाचे टार्जन अधीक्षक होते त्याला १९७९ मध्ये लँटरमन यांचेच नाव देण्यात आले, आणि ते पुढे पस्तीस वर्षे चालू राहिले. १९९४ मध्ये न्यायालयात झालेल्या एका तडजोडीनुसार राज्याने पाच वर्षांत संस्थांतील संख्या २,००० ने कमी करण्याचे मान्य केले. जून १९९९ मध्ये ‘ओल्मस्टेड’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्यांना समाजात राहता येते आणि राहायचे आहे त्यांना विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव होय. हा खटला लढवणाऱ्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या जॉर्जिया राज्यातल्या दोन स्त्रिया होत्या. राज्याने परिणामकारक रीतीने चालणारी सर्वंकष योजना दाखवली तर त्याची जबाबदारी पार पडली असे मानता येईल, असेही निकालपत्रात म्हटले होते. नियोजन हे सरकारच्या इच्छेवरचे काम न राहता न्यायालयात सादर करायचा पुरावा बनले.

सॅन होजेजवळची ॲग्न्यूज संस्था २००९ मध्ये बंद झाली. तिथल्या रहिवाशांसाठी आसपासच्या गावांत खास घरे घेण्यात आली. पोमोनाची संस्था २०१४ च्या शेवटी आणि सोनोमाची डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. बंद करण्याला सर्वांत कडवा विरोध तिथे पन्नास-पन्नास वर्षे राहिलेल्या माणसांच्या वृद्ध नातेवाइकांचा होता. ‘बाहेर यांना कोण बघणार?’ ही त्यांची भीती अनाठायी म्हणून उडवून लावण्याजोगी नव्हती, कारण बाहेर सेवा देणाऱ्या संस्थांचे दर वर्षानुवर्षे गोठवलेले होते आणि तुटपुंज्या पगारावर काळजीवाहक टिकत नव्हते.

आज २१ केंद्रे चार लाखांहून अधिक लोकांना सेवा देतात. अनेक राज्यांत घरच्या सेवांसाठी मोठ्या प्रतीक्षायाद्या आहेत. कॅलिफोर्नियात पात्र ठरलेल्या व्यक्तीला कायद्याने अशा यादीत उभे करता येत नाही. उणीव वेगळ्या ठिकाणी आहे. डिसेंबर २०११ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने स्वमग्न मुलांवरील खर्चाचा शोध घेणारी लेखमाला छापली. गोऱ्या कुटुंबांतील मुलांवर होणारा सरासरी खर्च लॅटिनो आणि कृष्णवर्णीय मुलांवरील खर्चापेक्षा बराच जास्त असल्याचे तीतून दिसले. आराखडा चर्चेतून ठरतो, आणि चर्चेच्या टेबलावर इंग्रजी सफाईने बोलणारे, वकील आणू शकणारे, दुपारी सुट्टी काढू शकणारे आईबाप जास्त मिळवतात. विधिमंडळाने २०१२ मध्ये प्रत्येक केंद्राला वंशवार खर्चाचे आकडे जाहीर करायला लावले. २०१३ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका कायद्याने, आपल्या वाट्याचा पैसा कसा खर्चायचा हे व्यक्तीने स्वतः ठरवावे अशी योजना आणली. ती जुलै २०२१ पासून सर्वांना खुली झाली. दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत ही दरी अजून दिसते, आणि ती बुजवणे हे या कायद्यापुढचे आजचे सर्वांत मोठे राहिलेले काम आहे.